विंचवाचं बिऱ्हाड आणि पोरांचा बेल्ट

(या भागात जे बोललो त्याचा हा मजकूर. अडखळणं आणि तेच तेच बोलणं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

 

गेल्या डिसेंबरात आम्ही अर्नाळ्याहून कन्याकुमारीपर्यंत कॅरॅव्हॅनने गेलो. म्हणजे आतच बेड, गॅस, बेसिन, संडास असलेली गाडी. आम्ही पाच जणं होतो. मी, बायको, माझी आई, चार वर्षांची मुलगी आणि वीस महिन्यांचा मुलगा. सहावे गाडीबरोबर आलेले ड्रायव्हर काका. परत आल्यापासून ऑफिसात, शाखेत, चहाच्या टपरीवर मला एकच गोष्ट ऐकायला मिळते. "भारी रे! पोरं मागे बेडवर मस्त झोपून, खेळत गेली असतील ना?"

नाही गेली. हा अख्खा भाग त्या 'नाही'वर आहे.

तुम्ही सगळ्यांनी ती रील्स बघितलीत. गाडी हायवेला पळतेय, मागच्या बेडवर पांढरी चादर, खिडकीत फेअरी लाइट्स आणि दोन लहान पोरं गादीवर उड्या मारतायत. खाली हार्टच हार्ट. मी पण टाकलेत पूर्वी, खोटं कशाला बोलू. पण मी बीटेक मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये शिरलेला माणूस आहे. चार वर्षांच्या डिग्रीतलं जे थोडं डोक्यात उरलंय, त्यात गतिज ऊर्जा आहे. हिशेब तुम्हीही करू शकता, फोनच्या कॅल्क्युलेटरवर. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. त्या वेगाने जाणारी वस्तू अचानक थांबली, तर ती १० मीटर उंचीवरून पडल्यासारखी आपटते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. ताशी ६० धरले तर १४ मीटर. विरारला जुन्या चार मजली बिल्डिंगी आहेत ना, तिच्या गच्चीवरून. चालत्या गाडीत मोकळं मूल बेडवर ठेवणं म्हणजे त्याला कठडा नसलेल्या गच्चीत खेळायला सोडणं.

आता यावर आपल्या घरांमधलं ठरलेलं उत्तर असतं. "बेडवर नको तर नको, मी मांडीवर घेते की." आमच्या आईचं हेच होतं. तिने आम्हा दोघा भावंडांना मांडीवर घेऊन एसटीने, जीपने, टेम्पोने अख्खा ठाणे जिल्हा पालथा घातलाय. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता. तिला कसं सांगणार? मी तिला पण हिशेब सांगितला. मुलगा ११ किलोचा. ५० च्या वेगात गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तो हातातून सुटायला जो जोर लावेल तो दीडशे किलोच्या आसपास. सिमेंटच्या तीन गोण्या. आई म्हणाली, "मी नाही सोडणार त्याला." मी म्हटलं, "आई, प्रश्न मायेचा नाहीये गं, मनगटाचा आहे." ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

कायदाही आहे, आणि तो फार कमी लोकांना माहितीय. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यात कलम १९४-बी आलं. १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. हजार रुपये तुम्हीही भराल, मीही भरेन, त्या रकमेने कुणी घाबरत नाही. पण कायद्याने यात कॅरॅव्हॅनचा बेड म्हणून काही सूट ठेवलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

तर पहिलं काम गाडी शोधणं. दोन चाइल्ड सीट मी आधीच घेतल्या होत्या, मुलाची मागे तोंड करून बसवायची आणि मुलीची पुढे तोंड करून. मुलाची उलटी का, तर एवढ्या लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. समोरून धक्का बसला की उलट्या सीटची पाठ अख्ख्या अंगाला धरते, मान एकटी ओढली जात नाही. पहिली गाडी बघायला गेलो. आतून एक नंबर. एलईडी, लाकडी फिनिश, टीव्ही, सगळं. पण बसायला काय, तर भिंतीला टेकून लांब सोफा, आडवा. तुमचं तोंड खिडकीकडे. बेल्ट नाहीच. आडव्या सीटवर चाइल्ड सीट बसवतच नाहीत, सीट बनवणारेच तसं लिहून देतात. मालक म्हणाले, "सर, आतापर्यंत कुणी विचारलं नाही. फॅमिल्या जातात, पोरं मागे झोपतात." नाव घेत नाही, माणूस चांगला होता, चहा पाजला त्याने. पण आम्ही उठलो.

दुसऱ्या एकाच्या गाडीत पुढे तोंड केलेल्या चार सीट होत्या, चौघींना खांद्यावरून येणारा तीन पॉइंटचा बेल्ट. टीव्ही नव्हता. पडदे तर आईच्या शब्दांत "दवाखान्यासारखे". तीच घेतली.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरसी बघायला मागा, लाजू नका. त्यावर वाहनाचा प्रकार मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा आहे का ते बघा. अशा गाड्यांच्या तपासणीचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. जुनी ट्रॅव्हलर किंवा अँब्युलन्स घेऊन सुताराकडून आत पलंग ठोकून घेतला की कॅरॅव्हॅन होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय असा बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला पहिला तोच मुद्दा काढेल. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर परमिट कुठपर्यंतचं आहे तेही विचारा.

बरं. आता बेल्ट लावायचं ठरलं की काय होतं माहितीय? सगळा प्लॅन मोडतो. माझ्या शीटमध्ये पहिल्यांदा पाच दिवसांत कन्याकुमारी होतं. रोज साडेतीनशे किलोमीटर, "पोरं झोपतील तेव्हा गाडी पळवायची." पण वीस महिन्यांचं मूल एका सीटमध्ये दीड तास बसतं, फार तर दोन. मग त्याला बाहेर काढायचं, मातीत सोडायचं, अर्धा तास गेला. परत दीड तास. त्यानंतर त्या दिवसाला गाडीचं नाव काढायचं नाही. म्हणजे दिवसाला चार तास चाक फिरणार. आपल्या रस्त्यांवर, जड गाडीने, चार तासांत होतात दीडशे किलोमीटर. फार झाले तर पावणेदोनशे. अर्नाळा ते कन्याकुमारी साधारण सतराशे. भागाकार करा. अकरा दिवस.

पहिला दिवस आमचा अर्नाळा ते पेण. हसू नका. पहाटे पाचला निघालो, घोडबंदरची गर्दी टाळायला. पनवेलला एनएच ६६ धरला, आणि वडखळच्या आधी मुलाने जो भोंगा लावला तो वीस मिनिटं. नियम बायकोने आधीच घातला होता. रडला तर गाडी थांबेल, पण गाडी चालू असताना त्याला सीटमधून काढायचं नाही. एकदाही नाही. कारण एकदा काढलं की त्याला कळतं, रडलं की सुटका. पहिल्या दिवशी आम्ही सात वेळा थांबलो. ड्रायव्हर काका म्हणाले, "सर, असं तर शिमग्याला पोचू." आई म्हणाली, "एवढ्या वेळात एसटीने महाडला पोचलो असतो." आमच्या अर्नाळ्याला एसटीचा डेपो आहे, त्यामुळे आईचं मोजमाप कायम एसटी. तिसऱ्या दिवसापासून थांबे चारवर आले. मुलाला कळलं असावं की ही खुर्ची काही हटणार नाही.

कोकणातला रस्ता तुम्हाला माहितीच आहे. २०११ पासून चौपदरीकरण चालूय आणि त्यावर मी वेगळं काही बोलायची गरज नाही. कशेडीचा बोगदा मात्र सुखाचा. पूर्वी त्या घाटाच्या वळणांत मुलं ओकायची, आता दहा मिनिटांत पलीकडे.

राजापूरच्या अलीकडे एका वळणावर गाय उभी होती. काकांनी ब्रेक मारला. वेग काही फार नव्हता, चाळीस असेल. ओट्यावर वरणाचा स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला. तो मागून उडून थेट ड्रायव्हरच्या सीटपाशी येऊन आदळला. मुलगी दचकली, बेल्टमध्ये पुढे झाली, परत मागे. मुलगा झोपलेला होता. झोपलेलाच राहिला. कुणी काही बोललं नाही. डबा उचलला, एका बाजूने चेपला होता. थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्या डब्याला पण बेल्ट लाव." त्या दिवसानंतर दोन्ही पोरांचे बेल्ट तीच तपासायची. काकांना सुद्धा विचारायची, "भाऊ, तुमचा लागला का?"

डब्यावरून सांगतो. निघायच्या आधी ओट्यावर काहीही ठेवायचं नाही. सुरी, कुकर, पाण्याची बाटली, लॅपटॉप, सगळं कपाटात आणि कपाटाला कडी. गॅसचा सिलिंडर वरून बंद. पाच मिनिटांचं काम आहे, मुलीला फार आवडायचं. ती प्रत्येक कडी मोठ्याने मोजायची.

मग तुम्ही म्हणाल, बेडवर झोपायचं नाही, लांब जायचं नाही, एवढं सगळं बांधून बसायचं, तर कॅरॅव्हॅन घेतली कशाला? साधी सात सीटर आणि हॉटेलं काय वाईट?

उत्तर एका शब्दात सांगतो. संडास. लहान मुलीला घेऊन हायवेने गेलेल्या आयांना विचारा. पंपावरचं कुलूप, ढाब्यामागची जागा, ते सगळं. आमच्या मुलीने अकरा दिवसांत एकदाही "धरून ठेव हां थोडा वेळ" हे वाक्य ऐकलं नाही. बायको म्हणते, तिने पण नाही ऐकलं. गाडी उभी केली, आत गेलं, झालं. हां, त्या संडासाची खालची टाकी असते ती आम्हा सहा जणांत दोन दिवसांत भरते, आणि ती उचलून नेऊन ओतणारा माणूस म्हणजे मी. परदेशात त्यासाठी ठिकठिकाणी सोय असते. आपल्याकडे होमस्टेवाल्याला आधी विचारून त्याच्या संडासात ओतायची. झाडाखाली, नदीत, समुद्रात नाही.

हे मी जरा जोर देऊन बोलतोय, कारण मी अर्नाळ्याचा आहे. शनिवार-रविवार आमच्या किनाऱ्यावर लोक येतात तेव्हा आम्ही 'स्थानिक' असतो. सोमवारी सकाळी वाळूत काय काय सापडतं ते आम्ही बघतो. डायपर पण. म्हणून दुसऱ्याच्या गावात आमचे डायपर एका बंद बादलीत, आणि कचऱ्याची गाडी किंवा कुंडी मिळेपर्यंत आमच्याबरोबर. गोव्यात तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

दुसरा उपयोग दुपारचा. बाराच्या सुमाराला आम्ही दिवसाचा प्रवास संपवायचो. वरण-भाताचा कुकर लावायचा, मुलाला त्याच्या ओळखीच्या चादरीवर, उभ्या गाडीतल्या बेडवर झोपवायचं. बेड त्यासाठीच आहे, उभ्या गाडीसाठी. आणि मग पूर्ण संध्याकाळ मोकळी. कर्नाटकात मरवंथे म्हणून जागा आहे, एनएच ६६ च्या एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मधून फक्त रस्ता. कारने गेलो असतो तर तिथे एक फोटो काढून पुढे गेलो असतो. आम्ही जवळच मुक्काम केला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा आपलाच समुद्र आहे का?" म्हटलं हो, तोच. तर म्हणे, "मग आपण एवढं लांब का आलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

रात्रीचं मात्र जपून ऐका. कॅरॅव्हॅनचा एसी बॅटरीवर रात्रभर चालतो असं सांगतात. आमच्या गाडीत २०० अँपिअर-अवरची बॅटरी होती. बारा पूर्णांक आठ व्होल्टने गुणा, अडीच युनिट वीज आली. एसी तासाला एक युनिट खातो. दोन-सव्वादोन तासांत खेळ खल्लास. म्हणून मुक्काम अशा होमस्टेच्या आवारात करायचा, जिथे १५ अँपिअरचा पॉइंट बाहेर ओढता येतो. आम्हाला रात्रीचे सरासरी सातशे रुपये पडले, पाण्याची टाकी भरून मिळायची. पॉइंट नसेल तर पंखा. डिसेंबर होता म्हणून जमलं, मे महिन्यात लहान पोरांना घेऊन किनाऱ्याच्या उकाड्यात जाऊ नका.

आणि काहीही झालं तरी जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळमध्ये वडकरा इथे, याच हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. त्या वायूला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. माणूस झोपेतच जातो. आम्ही त्या गावावरून दुपारी गेलो. मी काकांना सांगितलं होतं कुठलं गाव आहे ते, आईला नाही सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी निघायच्या आधीच घेतला होता, तो बेडच्या उशाशी लावायचो.

कन्नूरजवळ मुझप्पिलंगाडला वाळूवर गाडी चालवता येते, तो किनारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. काकांना फार इच्छा होती. मी नको म्हटलं. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी आणि तिच्याभोवती ओरडणारी माणसं, हे दृश्य किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला नवीन नसतं. आम्ही उतरून चालत गेलो.

केरळात शबरीमलाचा सीझन चालू होता. काळे कपडे घातलेल्या अय्यप्पा भक्तांच्या गाड्याच गाड्या. आई प्रत्येक बसला हात जोडायची. "आपली वारीच की रे ही." सगळा हायवे रुंदीकरणासाठी खणलेला, त्यात ही गर्दी. दीडशे किलोमीटरला साडेपाच तास लागले एक दिवस, त्या दिवशी दोन टप्पे केले, मधे दुपारची झोप.

इथे एक गोष्ट बोलायची राहील. आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बिऱ्हाड पाठीवर आणि लेकरं बरोबर घेऊन आपल्या राज्यात माणसं कायम फिरतच आलीत. देशावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, घोड्यावर संसार, त्या संसारावर बसलेलं मूल. ऊसतोडीला बीडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निघालेली कुटुंबं. आमच्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याहून पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जाणारी माणसं, टेम्पोत भांडी, गोधड्या आणि वर पोरं. त्यांना बेल्ट बांधा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ट्रॉलीला सीटच नाही. आपल्याला निवडता येतं, आणि आपण निवडून पोरांना गादीवर मोकळं सोडतो, वर व्हिडिओ काढतो. मला खटकतं ते हे.

सरकारी सोयीबद्दल विचारतात. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं आणि वागमणला त्यांचा पहिला कॅरॅव्हॅन पार्क झाला. वागमण डोंगरात आहे, आमच्या वाटेवर नव्हतं. आमचं काम होमस्टेवाल्यांनी आणि दोन वेळा एका देवळाच्या पार्किंगने भागवलं.

खर्च. भाडं दिवसाला ९ हजार, अकरा दिवसांचे ९९ हजार. गाडी रिकामी परत जाणार त्याचे साडेतेरा हजार. डिझेल जाऊन-येऊन ३५ हजारांच्या आसपास. मुक्काम, टोल, खाणं धरून पावणेदोन लाखांच्या थोडं आत. चाइल्ड सीट वेगळ्या, दोन मिळून २१ हजार. तीन वर्षांचं फिरायचं बजेट एकदम गेलंय आमचं. स्वस्त पडतं असं कुणी सांगितलं तर त्याला शीट दाखवायला सांगा.

कन्याकुमारीला दोन दिवस हॉटेलात राहिलो. विवेकानंद शिलास्मारक उभं करणारे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, हे आईला सांगितल्यावर ती बोटीत शेजारच्या तमिळ बाईंना मराठीतून तेच सांगत होती. त्यांना कळलं असावं, त्या हसल्या.

परत आलो ट्रेनने. तिरुवनंतपुरमहून नेत्रावती एक्सप्रेस, लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत, तीसेक तास. मुलगा आईच्या कुशीत खालच्या बर्थवर आडवा, मुलगी वरच्या बर्थवर मोकळी. कुणी बेल्ट लावला नाही आणि मी काही बोललो नाही, रेल्वेचं गणित वेगळं. अकरा दिवसांचा रस्ता एका रात्रीत उलटा गेला. आईने फक्त एवढंच विचारलं की यापुढे गावात कुणाच्या गाडीतून जाताना ती खुर्ची बरोबर न्यायची का. न्यायची, म्हटलं. आता ती आगाशीला मावशीकडे जाताना रिक्षाच करते, सीट उचलायला जड आहे म्हणून. रिक्षाला मी अजून तोडगा काढलेला नाही.

दोन्ही सीट सध्या घरात पडून असतात, आमच्याकडे स्वतःची कार नाही. विरार-अर्नाळा-आगाशी भागात कुणी लहान मुलांना घेऊन लांब निघणार असेल तर सांगा, आठवडा-पंधरा दिवस वापरायला देईन, पैसे नकोत. कशी बांधायची तेही दाखवीन, अर्धा तास लागतो. फक्त परत आणताना कव्हर धुऊन आणा, बिस्किटाचा चुरा फटीतून निघता निघत नाही.